फूल संपलं की घंटा

गाडी कुठे लावावी, एवढी अक्कल माणसाला पन्नाशी उलटेपर्यंत यायला हवी. मला ती आलेली नाही, हे गेल्या वर्षी मार्च सरता सरता येरमेटोल्यात चारचौघांदेखत सिद्ध झालं. दुपार कलली होती. माझी मोठी बहीण गाडीतून उतरून सरळ शाळेकडे गेली आणि मी जागा शोधत राहिलो. टोल्याच्या, म्हणजे जंगलातल्या त्या पाड्याच्या, कडेला एक मोठं झाड होतं. अंगावर पान म्हणून नाही, पण बुंध्याभोवती काय सुंदर जागा केलेली. पालापाचोळा जाळलेला, राख खराट्याने लोटलेली, खडा नाही, काडी नाही. मला अगदी भरून आलं. बहीण सत्तेवर नसली म्हणून काय झालं, गाव अजून तिच्या गाडीसाठी जागा झाडून ठेवतं, असं मनाशी म्हणत मी दोनदा मागेपुढे करून गाडी बुंध्याशी नेमकी बसवली. उतरून हात झटकतो आहे तोवर डोक्याला पदर बांधलेली एक म्हातारी समोर उभी.

“हे गाडी कोनाची व्हय?”

“माझी.”

“अन् हे झाड कोनाचं व्हय?”

मी वर पाहिलं. फांद्यांच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे झुबके लोंबत होते. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्रश्न आला की उत्तर द्यायचंच, ही त्या धंद्यातली खोड. “सरकारचं,” मी म्हणालो.

“सरकार येते का मंग पहाटी फूल येचाले?”

मागे उभ्या दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. म्हातारीला हसू नव्हतं. “सकारी इथी फूल पडन. तुह्या गाडीच्या टपावर पडलं तं टपावर चढून येचू का मी?” मी गाडी काढली. जिथे ती उभी होती तिथे तेलाचे दोन ठिपके पडले होते. सोनीबाई येरमे, हे तिचं नाव मला नंतर कळलं, खाली बसली, तेवढी माती नखांनी खरवडून काढली आणि दूर फेकून आली. मी वळणापर्यंत जाईस्तोवर ती बोलत होती. अर्धं गोंडीत होतं. न कळलेला तो अर्धा भाग जास्त बरोबर असावा.

हे सगळं आठवायचं कारण असं की परवा मूल गावच्या रस्त्याने जाताना गाडीची काच खाली केली आणि तो वास आत आला. मोहाच्या फुलाचा वास कशासारखा, हे मला अजून सांगता आलेलं नाही, आणि आमच्या खानदानात लग्न, बारसं, तेरवी असेल तिथे गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. गुळाच्या पाकासारखा म्हणावा तर त्याखाली काहीतरी आंबलेलं असतं. गोड म्हणावा तर डोकं जड होतं. शेजारी बसलेल्या बायकोने, रंजनाने, माझ्याकडे पाहिलं आणि काच वर केली. ती वर्ध्याकडची. तिला वासाचा त्रास नाही, त्यानंतर येणाऱ्या गोष्टीचा आहे.

ज्यांनी मोहाचं फूल पडताना पाहिलेलं नाही त्यांना सांगतो, ते पाहायचं नसतं, ऐकायचं असतं. पहाटे, अजून नीट फटफटायचं असताना, झाडाखाली उभं राहिलं की टप् असा एक मऊ आवाज येतो. मग दुसरीकडे टप्. वारा नसतो, पाऊस नसतो, आणि सगळं जंगल कुजबुजल्यासारखं ठिबकत असतं. जाळून काळ्या केलेल्या जमिनीवर ती फिकट, फुगीर, मोत्यासारखी फुलं दिसायला लागतात. बाया, बाप्ये, पोरं बांबूच्या टोपल्या घेऊन वाकतात ती ऊन कडक होईपर्यंत उठत नाहीत; हीच फुलं वाळवून विकली की घरात पैसा येतो. झाडं उभी आहेत सरकारी जंगलात, पण कोणतं झाड कोणत्या घराचं हे टोल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आज्याने वेचलं म्हणून बापाने, बापाने वेचलं म्हणून लेकाने. याचा सातबारा नाही. ज्याचं झाड त्याने खालची जागा जाळून, झाडून ठेवायची, एवढीच त्याची नोंद. माझ्यासारखा एखादा येऊन त्या नोंदीवर गाडी उभी करतो.

आता बहिणीबद्दल. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. म्हणून मी तिला लहानपणापासून बाई म्हणत आलो, पुढे ती बालवाडीत शिकवायला लागली तेव्हा पोरं बाई म्हणू लागली, आणि निवडून आली तेव्हा अख्खा तालुका. एवढ्या मोठ्या कारकिर्दीत तिला नवीन नाव काही मिळालं नाही.

ती राजकारणात आली ती चुकून. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि चार पुढारी आमच्या भाऊजींकडे आले. भाऊजींचं सायकलचं दुकान होतं, माणूस सगळ्यांच्या ओळखीचा. “तुमीच पाहायचं सगळं, वहिनी फक्त सही करतील,” असं ठरलं. पहिल्या सभेला भाऊजी नवा शर्ट घालून बाईच्या शेजारच्या खुर्चीत बसले. ग्रामसेवक बोले ते भाऊजींकडे तोंड करून. बाईने थोडा वेळ ऐकलं आणि शिपायाला म्हणाली, “यायले बाहेर नेऊन चहा पाज. मीटिंग लांबन.” भाऊजी चहा प्यायला गेले ते पुढची पंधराएक वर्षं बाहेरच चहा पीत राहिले, आणि वाईट वाटून घेतलं नाही. आता ते नाहीत. गेले तेव्हा बाई म्हणाली होती, माह्या राजकारणाचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे त्याइची चहाची आवड.

सरपंच झाली, पंचायत समितीत गेली, शेवटी जिल्हा परिषदेत शिक्षण सभापती. नळ, बाजाराचे ओटे, बसस्थानकावर बायकांसाठी आडोसा, हातपंपांची दुरुस्ती, असली कामं ती करत गेली. त्यात सांगण्यासारखी गोष्ट नसते म्हणून मी ती कधी सांगत नाही. सांगतो ती मोहाची.

उन्हाळा लागला की सगळीकडे सकाळची शाळा होते. पोरांना ऊन लागू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. फक्त जंगलातल्या टोल्यांवर मोहही सकाळीच पडतो, हे हेतू ठरवणाऱ्याला माहीत नव्हतं. त्यामुळे वार्षिक परीक्षेच्या ऐन दिवसांत वर्ग रिकामे. बाई नुकती सभापती झालेली. ती येरमेटोल्याला गेली तेव्हा तिच्या सरकारी गाडीत मीही होतो, कशासाठी ते आता आठवत नाही, बहुधा फुकट फिरायला. शाळेत कुमरे गुरुजी एकटेच फळ्याला ओलं फडकं मारत होते. तेव्हा त्यांचे केस काळे होते.

“पोट्टे कुठी गेले गुरुजी?”

“फुलावर जी.”

साहेबाने अशा वेळी शेरा मारला असता. बाई चपला हातात घेऊन गुरुजींच्या मागे जंगलात गेली, सुती लुगड्याचा ओचा खोचला आणि एका झाडाखाली बायकांबरोबर वेचायला बसली. मी पण बसलो. वेचताना कंबर कुठे असते ते कळतं. पोरं आधी बिचकली, मग त्यांचं त्यांचं चाललं. एक पोरगी टोपलीत फूल टाकता टाकता पाढा पुटपुटत होती, फुलागणिक एक आकडा. बाईने तिला मध्येच अडवून पुढचं विचारलं आणि पोरीने न थांबता, न उठता सांगितलं. बाई तिच्या टोपलीत फुलं टाकत राहिली. परत येताना गुरुजींना म्हणाली, “मोह सकाळी, शाळा मागून. फूल संपलं का घंटा द्या. पेपर पण तसेच घ्या.”

“वरून कागद येईन ना जी?” गुरुजींनी विचारलं.

“कागद कायले? मी सांगून राह्यलो ना.”

आमच्या भागातल्या बायका ‘मी सांगतो’ असंच म्हणतात. सांगायची गोष्ट ती नाही. सांगायची गोष्ट अशी की बाईने उभ्या आयुष्यात जी चांगली कामं केली त्यातली निम्मी तोंडी केली. तिचा एक सिद्धांत होता. कागद केला का तो वर जाते, वर गेला का कोणीतरी त्याले नाही म्हणते. तोंडी सांगितलेल्याले नाही म्हणाले कोणाच्या हाती काही नसते. मला तेव्हा हा सिद्धांत फार आवडला होता. मी तो दोन लग्नांत सांगितला, लोक खूप हसले.

तेव्हापासून दर मोहात येरमेटोल्याची शाळा दहाच्या पुढे भरायची. शाळेसमोरच्या कडुनिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला. गुरुजी तो वाजवायचे आणि पोरं जंगलातून थेट यायची, बोटं चिकट, कपाळाला राख, दप्तराऐवजी डोक्यावर टोपल्या. टोपल्या ओट्यावर ओळीने ठेवायच्या आणि आत बसायचं. सगळ्या वर्गाला तो वास. उत्तरपत्रिकासुद्धा चिकटायच्या म्हणे एकमेकींना. कोणी तपासायला आलं तर बाई सभापतींनी सांगितलंय, एवढं म्हटलं की भागत होतं. पुढे बाईची मुदत संपली, निवडणुका या ना त्या कारणाने लांबत गेल्या, बाई ‘माजी’ झाली. शाळा मात्र मोहाच्या मागूनच भरत राहिली. तिची वेळ बाईच्या शब्दावर टांगलेली आहे, आणि बाईचा शब्द आता कशावरच टांगलेला नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर गोष्ट सांगणारा.

रस्ताही बाईनेच आणला होता. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पावसाळ्यात टोल्यावरून बाळंतिणीला खाटेवर घालून नाल्यापलीकडे न्यावं लागायचं. बाई त्या रस्त्यासाठी वनखात्यापासून मंत्रालयापर्यंत इतक्या वेळा जाऊन बसली की एका साहेबाच्या शिपायाने तिला आपल्या पोरीच्या लग्नाची पत्रिका दिली. तिथे कागद केल्याशिवाय चालत नव्हतं, म्हणून तिने तोही केला. रस्ता झाला. डांबरी, सरळ, नाल्यावर मोरीसकट. त्या रस्त्याने रुग्णवाहिका आली, मोह घेणाऱ्या व्यापाऱ्याचा टेम्पो आला, आणि एक दिवस मोठ्या गावातल्या इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन आली. ज्यांना परवडलं त्यांची पोरं टाय बांधून व्हॅनमध्ये बसली. कोणाला काय म्हणणार? मी माझ्या पोरांनाही इंग्रजीतच शिकवलं. गुरुजींच्या शाळेत जी उरली ती मोजायला दोन हातांची बोटं पुरून उरत. बाई एकदा त्या रस्त्याकडे पाहत मला म्हणाली होती, “बापू, रस्ता यायसाठीच असते असं मले वाटे.” मी त्यावर काहीतरी विनोद केला. काय केला ते आठवत नाही, ते बरंच आहे.

गेल्या वर्षी मोह भरात येत होता आणि बाईचा फोन आला. बाईचा फोन आला की रंजना न विचारता माझं ताट झाकून ठेवते. कारण फोन लांबतो, आणि संपतो तो ‘गाडी काढ’ या दोन शब्दांवर. या वेळी पहिलेच दोन शब्द ते होते. कमी पटाच्या शाळा तपासायला सोमवारी सकाळी साहेब येणार होते. ज्या शाळा रिकाम्या सापडतील त्या जवळच्या मोठ्या शाळेत मिसळून टाकायच्या. येरमेटोल्याला जवळची मोठी शाळा म्हणजे तासभर जंगलातून चालत, आणि मोहाच्या दिवसांत त्या वाटेवर वाघ असतो, कारण त्याच्या वाटेवर माणसं असतात. व्हॅन गरिबाच्या पोरांसाठी थांबत नाही. शाळा गेली की ही उरलेली पोरं घरी बसणार, बाईला यात तिळमात्र शंका नव्हती. मलाही नाही.

“सोमवारी सकाळी सात वाजता वर्ग भरलेला दिसला पायजे,” बाई म्हणाली. “बस, एवढंच.”

“बाईले सांगा ना, साहेबाले दहाच्या मागून बोलवा म्हणून,” रंजना मला शेजारून म्हणाली. ते बाईने फोनवर ऐकलं. “पोरी, मी आता साहेबाले बोलवत नाई, साहेब येते,” ती म्हणाली.

म्हणून आम्ही रविवारी दुपारी येरमेटोल्याला पोहोचलो, आणि पोहोचल्या पोहोचल्या मी सोनीबाईच्या झाडाखाली गाडी लावून आमच्या मोहिमेची सुरुवात करून दिली.

संध्याकाळी सगळा टोला शाळेच्या ओट्यासमोर जमला. अंगणोअंगणी मोह वाळत पडला होता, पहिल्या दिवशीचा फिकट, जुना किसमिसासारखा तांबडा. बाई खुर्चीवर बसली नाही, खाली बसली. तिने सगळं सांगितलं आणि मग मागितलं. “उद्याच्या एक दिवस पोराइले फुलावर नेऊ नोका. अन् तुमीही इथीच राहा. गावाले शाळा पायजे, हे साहेबाले दिसू द्या.”

वाळणाऱ्या फुलांवर माश्यांचा आवाज तेवढा.

“फूल तं थांबत नाई ना, बाई,” शेवटी सोनीबाई म्हणाली. तिची नात याच शाळेत तिसरीत. “आमी नाई गेलो तं ढोरं जातीन.”

“मले माहीत आहे.”

“ऐन भरातलं फूल आहे.”

“तेही माहीत आहे, सोनी. माहीत नसतं तं हुकूम केला असता. मागून नसतो राह्यलो.”

सोनीबाईने माझ्याकडे एकदा पाहिलं, या माणसाला घेऊन आलेली बाई कितपत भरवशाची असा त्या पाहण्याचा रोख होता. मग म्हणाली, “तू म्हणतेस तं राहू.” तिच्यामागून एकेक जण हो म्हणत गेला. बाईने हात जोडले. तिला हात जोडताना मी निवडणुकीतही फारसं पाहिलेलं नाही.

सोमवारी सात वाजता वर्ग असा भरला होता की चित्र काढावं. पोरांच्या केसांना मोहाच्या बियांचं टोरीचं तेल चोपडलेलं, गालांवरून ओघळलेलं. गुरुजींनी धुतलेला शर्ट घातला होता, केस आता पांढरे. ओट्यावर बाया, कडुनिंबाखाली बाप्ये. आणि जंगलाकडून तो वास. रोज या वेळी ही माणसं त्या वासाच्या आत असतात. आज बाहेर बसून तो घेत होती. बोलता बोलता कोणाचं तरी वाक्य अर्धं राही आणि मान झाडांकडे वळे. गावची ढोरं चरायला सुटली आणि सरळ मोहाकडे गेली. त्यांना कोणी वळवलं नाही, कारण वळवायला कोणी गेलं असतं तर ओटा तेवढा रिकामा दिसला असता.

आठ वाजले. पोरांनी प्रार्थना दोनदा म्हटली. नऊ वाजले. बाईने फोन लावला. तिच्या फोनमध्ये नंबरांचं रान आहे, आमदारापासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत. ती एकेक लावत गेली. फोन वाजत होते. वाजून वाजून बंद होत होते. एका ठिकाणी कोणी उचलला, बाईने नाव सांगितलं, पलीकडून विचारलं गेलं, “कोण?” बाईने पुन्हा सांगितलं, पद लावून, पदाआधी माजी लावून. मग, “साहेब व्हीसी मीटिंगमध्ये आहेत मॅडम, सांगतो.” मी तेवढ्या वेळात गुरुजींशी हवापाण्याबद्दल मोठ्याने बोलत राहिलो. इतक्या मोठ्याने की गुरुजींना वाटलं मला ऐकू कमी येतं.

अकरा वाजता उन्हाने ओटा तापला. फूल जे पडायचं ते पडून गेलं होतं. बाराच्या सुमारास कळलं की साहेब आज येत नाहीत. मीटिंग निघाली. उद्या परवा पाहू.

बाई उठली. ती गावासमोर उभी राहिली आणि मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. “आज नाई येत तो,” एवढंच ती म्हणाली. लोक उठले, टोपल्या घेतल्या आणि जंगलात गेले. परत आले तेव्हा टोपल्यांच्या तळाशी करपलेली, तुडवलेली फुलं होती. ढोरं पोटं टम्म करून सावली शोधत होती, एक बैल चक्क झुलत होता. मी हसलो आणि मग हसणं गिळलं.

बाई शाळेच्या पायरीवर वाट पाहत बसली होती. माझी खात्री आहे, ती कशाची वाट पाहत होती ते मला कळलं होतं. तिच्या सगळ्या कारकिर्दीत लोक तिच्यावर ओरडत आले. हातपंप बिघडला, ओरड. मास्तर आला नाही, ओरड. मोरी वाहून गेली तेव्हा एका म्हाताऱ्याने तिच्या गाडीपुढे आडवं पडून तासभर शिव्या दिल्या होत्या. ती ऐकून घ्यायची, मग कामाला लागायची. आज तिच्या शब्दावर टोल्याचा एक दिवसाचा मोह गेला होता, आणि कोणी काही म्हणालं नाही. सोनीबाईने आपली टोपली तिच्याजवळ टेकवली, घाम पुसला आणि विचारलं, “जेवली का तू?”

बाई म्हणाली, “भांड ना माह्याशी, सोनी.”

“कायले?” सोनीबाई म्हणाली. “तुह्या हातात का आहे आता?”

हे ती मायेने म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. मी शेजारीच होतो. टोमणे ओळखण्यात माझी हयात गेली आहे.

दुपारी मी बाईला म्हटलं, उद्या पुन्हा एकदा थांबवू लोकांना. एकच दिवस. साहेब नक्की येतील.

“नाई.”

“बाई, शाळा जाईल.”

“बापू, एकदा मागितलं. दुसऱ्यांदा मागाले तोंड नाई मले.” थोड्या वेळाने म्हणाली, “अन् मागितलं तं ते देतीन. म्हणूनच.”

संध्याकाळी तिने स्वतः घरोघर फिरून सांगितलं, उद्या फुलावर जा, पोराइलेही घेऊन जा, वाघाचं ध्यानात ठेवून एकत्र राहा. साहेबाचं मी पाहतो.

मंगळवारी ऊन नुकतं झाडांच्या शेंड्यांवर आलं असताना जीप आली. शाळेत होतो आम्ही तिघंच. गुरुजी, बाई आणि मी. वर्गात सारवलेल्या जमिनीवर कालच्या पोरांच्या तेलाचे डाग. मला अजून वाटतं की साहेब उर्मट असता तर बरं झालं असतं, मला गोष्टीत वापरता आला असता. तो पोरगेलासा, सभ्य मुलगा होता. त्याने वाकून बाईला नमस्कार केला. “तुमच्याबद्दल फार ऐकलंय, मॅडम. काल येता आलं नाही, माफ करा.” ते त्याने मनापासून म्हटलं.

बाईने त्याला सगळं सांगितलं. मोह, सकाळ, घंटा. गुरुजी तोवर रूळ बडवत सुटले होते, इतका वेळ की कडुनिंबावरचे पक्षी उडून गेले. आणि मग चपला टाकून जंगलाकडे धावले, या वयात.

“मॅडम, वेळ बदलल्याचा आदेश असेल ना काही?” मुलाने विचारलं. “तो जोडला तर मला काही करता येईल.”

बाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या सिद्धांताचा मी जुना प्रचारक. मी जमिनीकडे पाहिलं.

“आदेश मीच होतो,” बाई म्हणाली.

त्याला ते कळलं असावं. मग त्याने खिशातून फोन काढला आणि रिकाम्या वर्गाचे फोटो घेतले. फोटोवर आपोआप वेळ आणि ठिकाण उमटतं, हे त्याने बाईला दाखवलंही, जणू माफी मागतोय तसं. “वर हेच दिसतं, मॅडम. मी शेऱ्यात मोहाचं लिहीन. लिहितो मी.” त्याला अजून तीन शाळा करायच्या होत्या. बाईने त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला. जीप वळली आणि बाईच्या गुळगुळीत रस्त्यावरून एकही धक्का न खाता निघून गेली.

जीपचा आवाज विरायच्या आत पोरं आली. धावत, धापा टाकत, टोपल्या छातीशी धरून. काहींची फुलं वाटेत सांडली होती आणि तरी ती थांबली नव्हती. मागून गुरुजी, एका हाताने बरगडी दाबत. सोनीबाईची नात दारात येऊन उभी राहिली आणि तिने आत पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं.

“टोपल्या ठेवा,” बाई म्हणाली. “ओळीनं. अन् बसा.”

पोरं बसली. बाईने गुरुजींना खूण करून बाहेर बसायला सांगितलं, त्यांची धाप थांबत नव्हती. तिने स्वतः खडू घेतला. पुढे कितीतरी वेळ ती शिकवत होती. मी ओट्यावर टोपल्यांशेजारी बसून ऐकत होतो. आतून वजाबाकी चालली होती, हातचा घ्यायची. एक पोर चुकलं की सगळी हसत. बाईही हसली, एकदोनदा. तो वास, ते ऊन आणि आतून येणारा तिचा बालवाडीतला जुना आवाज. माणूस सुखी आहे का दुःखी आहे हे अशा वेळी शरीराला कळत नसावं. मला तर चक्क झोप आली.

घरी आल्यावर मी रंजनाला सगळं सांगितलं. गाडीचं सांगितलं, झुलणाऱ्या बैलाचं सांगितलं, साहेबाची नक्कल केली. ती एरवी मध्येच तपशील दुरुस्त करते. माझ्या गोष्टीत वाघ दरवेळी थोडा वाढतो अशी तिची तक्रार आहे. या वेळी वाघ आलाच नाही म्हणून की काय, ती काही बोलली नाही.

मोह सरला. झाडांना तांबूस पालवी फुटली. पाठोपाठ तेंदूपत्त्याचे दिवस आले, लोक पुन्हा जंगलात गेले. त्या मुलाने शेऱ्यात मोहाचं लिहिलं होतं म्हणे. शाळा उघडायच्या थोडं आधी आदेश निघाला. येरमेटोल्याची शाळा मोठ्या गावात मिसळली. गुरुजींना बदली मिळाली. पोरांनी तासभर चालत जावं, किंवा काय ते करावं.

बाईचा फोन आला तेव्हा संध्याकाळ होती. रंजना दारात बसून आंबाडीची पानं खुडत होती. बाईने आदेशाचं सांगितलं, अगदी सरळ, जसं हवामान सांगावं तसं. गुरुजींनी रूळ काढून घरी नेल्याचं सांगितलं. सोनीबाईची नात मोठ्या गावच्या शाळेत जायला निघाली आणि दोन दिवसांनी थांबली तर काय करायचं, ते आत्तापासून पाहायला हवं, म्हणाली. दिवसभर तिने फोन लावले होते. आमदाराला, जुन्या पक्षवाल्यांना, ज्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आली होती त्या शिपायालासुद्धा.

“बापू, आता कोणाले फोन करू?” तिने विचारलं.

ती तक्रार करत नव्हती. तिला खरंच एक नाव हवं होतं. मी मनातल्या मनात चंद्रपूर फिरून आलो, गडचिरोली फिरून आलो. एरवी मला विचारा, मी काहीतरी सांगतोच. “पाहतो, बाई,” मी म्हणालो. ती म्हणाली, “पाह्य.” फोन बंद झाला.

मी ते रंजनाला सांगितलं. कोणाला फोन करू असं विचारत होती, म्हणालो. रंजनाने हातातली काडी खुडली, पानं पाटीत टाकली, दुसरी काडी घेतली. तीही खुडून झाल्यावर, मान वर न करता म्हणाली,

“मले कराले सांगा त्याइले. मी उचलीन.”